हेड कोच गेला की सगळे जातात: अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलमधल्या एका असिस्टंट कोचचं प्रकरण

आधी थोडं

हे प्रकरण माझ्या भाच्याचं आहे आणि त्याला विचारूनच लिहितोय. त्याचं नाव, कॉलेजांची नावं, गावं काहीच टाकलेलं नाही, एकदोन तपशील मुद्दाम बदललेत कारण ते जग फार लहान आहे, सगळे सगळ्यांना ओळखतात. लिहायचं कारण एवढंच की अमेरिकेत वाढलेली आपली बरीच मुलं बास्केटबॉलवेडी असतात, त्यातली बहुतेक खेळाडू होणार नसतात हे त्यांना पंधराव्या-सोळाव्या वर्षी कळतं, आणि मग कोचिंगमध्ये जाऊ का असं एखादा विचारतो तेव्हा घरात कोणालाच काही माहीत नसतं. आम्हालाही नव्हतं. त्याच्या बारा-तेरा वर्षांत आम्ही जे शिकलो ते इथे मांडतोय, आकडे थोडे पुढेमागे असतील पण घटना झाल्या तशाच आहेत.

पार्श्वभूमी

ताई आणि भावोजी न्यू जर्सीत, भाचा तिथलाच जन्म. उंची पाच फूट नऊ इंच, हायस्कूलच्या टीममध्ये बेंचवर असायचा. उन्हाळ्यात पुण्याला आला की माझ्याबरोबर संध्याकाळी डेक्कन जिमखान्यावर यायचा आणि स्वतः कमी खेळायचा, पोरांना पिक अँड रोलला कुठे उभं राहायचं, मदतीला कधी यायचं हेच जास्त सांगत बसायचा. माझे मित्र तेव्हाच म्हणायचे की हा पोरगा कोच होणार.

२०१२ ला तो एका मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीत गेला आणि बास्केटबॉल टीमचा स्टुडंट मॅनेजर झाला. मॅनेजर म्हणजे मॅनेजमेंट नाही हो. टॉवेल, पाणी, प्रॅक्टिसचं घड्याळ, शूटिंगला बॉल परत फेकणे, कपड्यांची धुलाई, रात्री मॅचच्या फिल्मचे तुकडे करणे. चार वर्षं केलं, बहुतेक फुकट. भावोजींना हे समजावताना ताईची फार ओढाताण झाली, कारण ते विचारायचे की फी भरून मुलगा टॉवेल का धुतोय.

शिडी साधारण अशी असते: मॅनेजर, मग मास्टर्स करता करता ग्रॅज्युएट असिस्टंट, मग व्हिडिओ कोऑर्डिनेटर, मग डायरेक्टर ऑफ ऑपरेशन्स, मग असिस्टंट कोच, असोसिएट हेड कोच, आणि शेवटी जमलं तर हेड कोच. डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या पातळीवर, साडेतीनशेहून जास्त कॉलेजं, आणि २०२३ पर्यंत प्रत्येक कॉलेजात हेड कोच सोडून फक्त तीनच जणांना कोर्टवर कोचिंग करायची आणि बाहेर जाऊन रिक्रूटिंग (नवे खेळाडू हेरून आपल्या कॉलेजात आणणं) करायची परवानगी होती. म्हणजे अख्ख्या देशात हजारभर खुर्च्या. त्या खुर्च्यांवर माजी प्रोफेशनल खेळाडूंचा डोळा असतो, हेड कोचच्या मुलांचा असतो, आणि अशा मॅनेजर पोरांचाही असतो.

पगाराचं एक सांगायलाच पाहिजे, कारण लोकांना वाटतं अमेरिकन कॉलेज कोच म्हणजे कोट्यधीश. हेड कोच असतातही. पण खालच्या खुर्चीला कमी पैसे देणं हे एकेकाळी चक्क नियमात लिहिलेलं होतं. कॉलेज खेळांचे नियम ठरवणाऱ्या एनसीएए या संघटनेनं नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला 'रिस्ट्रिक्टेड अर्निंग्ज कोच' असं पद ठरवलं, वर्षाला जास्तीत जास्त १६,००० डॉलर, त्यातले १२,००० शैक्षणिक वर्षाचे आणि ४,००० उन्हाळ्याचे. कोचेस कोर्टात गेले, १९९८ ला अपील कोर्टातही एनसीएए हरली, आणि १९९९ ला ५ कोटी ४५ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवावं लागलं. नियम गेला पण 'तुला इथे काम करायला मिळतंय हेच खूप आहे' ही वृत्ती राहिली, असं मला भाच्याचे दिवस बघून वाटतं.

२०१६ ते १८ तो मिडवेस्टमधल्या एका मध्यम कॉलेजात ग्रॅज्युएट असिस्टंट होता. कॉलेजची फी माफ, वर महिन्याला हजारभर डॉलर. २६ सप्टेंबर २०१७ ला एफबीआयनं दहा जणांना अटक केली, त्यात ऑबर्न, ॲरिझोना, ओक्लाहोमा स्टेट आणि यूएससी या चार मोठ्या कॉलेजांचे असिस्टंट कोच होते, लाच घेतल्याचा आरोप. त्याच्या ऑफिसात तेव्हा सगळ्यांना बसवून नियम परत समजावले गेले. तेव्हापासून तो रिक्रूटिंगचं प्रत्येक बोलणं वहीत लिहून ठेवतो, तारीख टाकून. त्या केसमध्ये हेड कोच नाही, असिस्टंट पकडले गेले हे तो अजून म्हणतो.

पुढे दोन वर्षं तिथेच व्हिडिओ कोऑर्डिनेटर. १२ मार्च २०२० ला कोविडमुळे एनसीएए टूर्नामेंटच रद्द झाली. त्याच उन्हाळ्यात दक्षिणेतल्या एका मोठ्या कॉलेजात त्याला डायरेक्टर ऑफ ऑपरेशन्सची नोकरी लागली, पगार साठ हजारांच्या वर. घरात पेढे वाटले. ताईनं मला फोन करून सांगितलं, "आता तो डायरेक्टर झाला."

अडचण काय होती

डायरेक्टर हे नाव मोठं, काम विमान-बस-हॉटेल-जेवण-तिकिटं. चार्टर विमान किती वाजता, हॉटेलात उंच पोरांना पलंग पुरेल का, मॅचच्या चार तास आधी जेवणात काय, कोणाच्या आईबाबांना किती पास. हे सगळं तो फार नीट करायचा, इतकं नीट की हेड कोचला तो त्याच जागी हवासा वाटायला लागला. आणि डिव्हिजन वनच्या तेव्हाच्या नियमात या पदावरच्या माणसाला कोर्टवर एका खेळाडूला सुद्धा काही शिकवता येत नव्हतं, बाहेर जाऊन मुलं बघता येत नव्हती. प्रॅक्टिसला उभा राहायचा, चूक दिसायची, आणि तोंड बंद.

२०२२ च्या वसंतात तो २८ वर्षांचा होता. दहा वर्षं या धंद्यात. तीन ठिकाणी असिस्टंटच्या जागेसाठी मुलाखती दिल्या आणि तिन्हीकडे एकच प्रश्न: "तू आजवर कोणाला आणलंस?" उत्तर होतं, कोणालाच नाही. त्याला परवानगीच नव्हती, पण मुलाखतीत ते कोण ऐकतंय. रिझ्यूमेवर मोठ्या कॉलेजाचं नाव आणि त्याखाली कोचिंग शून्य.

त्यात मागच्या वर्षी लग्न झालेलं. बायको फिजिओथेरपिस्ट, राज्य बदललं की लायसन्सची कागदपत्रं परत. म्हणजे नोकरी बदलायची तर दोघांची.

२०२२ चे पर्याय

दरवर्षी फायनल फोर (एनसीएए टूर्नामेंटच्या शेवटच्या चार टीमच्या मॅच) जिथे असतं त्या गावातच कोचेसच्या संघटनेचं अधिवेशन भरतं आणि खऱ्या नोकऱ्या हॉटेलच्या लॉबीत ठरतात, हे मला त्यानंच सांगितलं. २०२२ ला न्यू ऑर्लिन्स. चार दिवस तो लॉबीत उभा. हातात तीन गोष्टी आल्या.

एक, आहे तिथेच राहणं. हेड कोच म्हणाला दोन वर्षांत जागा निघेल, तुझा नंबर लावतो. पगारवाढही देऊ केली.

दुसरी, एका लहान डिव्हिजन वन कॉलेजात तिसरा असिस्टंट. पगार थोडा कमी, पण शिट्टी हातात आणि रिक्रूटिंगला गाडी. हेड कोचचं तिथलं चौथं वर्ष संपलेलं, करारात अजून दोन वर्षं, रेकॉर्ड साधारणच.

तिसरी, न्यू जर्सीला परत येऊन एका स्पोर्ट्स डेटा कंपनीत नोकरी, जिथे पगार जवळपास दीडपट. भावोजींचं मत अर्थातच तिसऱ्याला. ते रागावून नव्हते बोलत, काळजीनं बोलत होते, "दहा वर्षं दिलीस ना बाळा, अजून किती?"

मी काय म्हणालो ते पण लिहितो. मी म्हणालो पहिलं घे, मोठ्या कोचजवळ थांब, आपल्याकडे पण गुरुजवळ राहूनच पुढे जातात. आज मला वाटतं मी चुकीचं उदाहरण दिलं, कारण गुरुजवळ राहून शिष्य निदान गातो तरी. हा तिथे गातच नव्हता.

त्यानं दुसरं घेतलं. निर्णय घेण्याआधी त्यानं हेड कोचचा करार शोधून वाचला (सरकारी कॉलेज असल्यामुळे तो मागितला तर मिळतो), दोन वर्षांचे पैसे देऊन हे कॉलेज कोणाला काढणार नाही, तेवढे पैसेच नाहीत, असा हिशोब केला. हिशोब चुकीचा नव्हता पण अर्धा होता. ॲथलेटिक डायरेक्टर, म्हणजे कॉलेजच्या खेळ विभागाचा प्रमुख, ज्याला तिथे सगळे एडी म्हणतात, तो निवृत्त होणार होता, ही बातमी गावात सगळ्यांना होती आणि यानं विचारलीच नाही.

त्या एका वर्षात काय झालं

पहिले सहा महिने तो इतका खूष होता की मला फोनवर आवाजावरूनच कळायचं. जुलैत जिममध्ये दिवसभर बसायचं, एका वेळी सहा-सहा कोर्टवर शाळकरी पोरं खेळतायत, सगळे कोच कॉलेजचा लोगो असलेला पोलो शर्ट घालून बेसलाइनला रांगेत, पोरांशी बोलायची परवानगी नाही, फक्त दिसायचं की आम्ही आलोय. कंटाळवाणं वाटतं ना, तो म्हणायचा मामा मी यासाठी दहा वर्षं थांबलो. ऑक्टोबरात पहिल्यांदा कोर्टवर त्यानं ड्रिल घेतलं त्याचा व्हिडिओ बायकोनं मला पाठवला. आवाज बसलेला, घामाघूम, आणि साडेसहा फुटांची पोरं त्याचं ऐकतायत. मी तो व्हिडिओ माझ्या सगळ्या मित्रांना दाखवला.

स्काउट हा त्याचा सगळ्यात आवडता भाग. प्रतिस्पर्धी टीम असिस्टंट लोकांत वाटून घेतलेल्या असतात, ज्याच्या वाट्याला जी टीम त्यानं तिच्या पाच-सहा मॅच बघायच्या, सिनर्जी नावाच्या व्हिडिओ सॉफ्टवेअरवरून क्लिप काढायच्या, त्यांचे सेट प्ले आपल्या राखीव पोरांना शिकवून प्रॅक्टिसला उभे करायचे, आणि मॅचच्या दिवशी पोरांसमोर वीस मिनिटांत सांगायचं की कोण डावीकडे जातो, कोणाला शूट करू द्यायचं. चुकलं तर अख्ख्या लॉकर रूमला कळतं कोणाचा स्काउट होता. जिंकलं तर कोणाला कळत नाही, पण आपल्याला कळतं.

रिक्रूटिंगमध्ये त्यानं कॅन्ससमधल्या एका ज्युनिअर कॉलेजातून (तिकडे हे दोन वर्षांचं कॉलेज असतं, आपलं अकरावी-बारावी नाही) एक गार्ड, म्हणजे बॉल हाताळणारा खेळाडू, आणला. त्याचा पहिला. मुलाची आई रात्रपाळी करायची, म्हणून हा सकाळी साडेसातला तिच्या स्वयंपाकघरात बसला, ती युनिफॉर्ममध्येच, चहाऐवजी कॉफी. तिनं एकच विचारलं, "माझ्या मुलाला तुम्ही घेऊन जाताय, तुम्ही तिथे असाल ना?" हा म्हणाला, "हो, दोन्ही वर्षं आहे." मनापासून म्हणाला. पण तसं म्हणण्याचा अधिकार त्याला नव्हता हे त्याला तेव्हा माहीत नव्हतं.

सीझन वाईट गेला. नोव्हेंबर-डिसेंबरात अशा लहान कॉलेजांना मोठ्या कॉलेजांकडे जाऊन पैशासाठी खेळावं लागतं, एका मॅचचे ऐंशी-नव्वद हजार डॉलर मिळतात आणि बहुतेक वेळा वीस-पंचवीस पॉइंटांनी मार खाऊन यायचं, त्या पैशांवर बाकीच्या डिपार्टमेंटचा खर्च चालतो. अशा पाच मॅच हरले. मग दोन पोरं जखमी. शेवटी नऊ विजय, आणि कॉन्फरन्सच्या, म्हणजे आपल्या गटातल्या कॉलेजांच्या, टूर्नामेंटच्या पहिल्याच दिवशी बाहेर. नवीन एडी ऑगस्टमध्ये आलेला होता. त्याला स्वतःचा माणूस हवा होता आणि एका देणगीदारानं उरलेल्या कराराचे पैसे भरायची तयारी दाखवली.

मार्चमधला एक सोमवार. सकाळी नऊला हेड कोचनं स्टाफला बोलावून सांगितलं. नऊ वीसला ट्विटरवर बातमी. हा पोरांकडे निघाला होता, पण तो गार्ड बातमी वाचून मोकळा झाला होता. पंधरा मिनिटांत त्याच्या आईचा फोन. ती ओरडली नाही, फक्त म्हणाली, "तुम्ही म्हणाला होता."

हे सांगताना तो अजून थांबतो. नोकरी गेल्याचं त्याला तेवढं नाही वाटलं.

हेड कोचला उरलेल्या करारापोटी पैसे मिळाले. असिस्टंट लोकांचा करार एकेका वर्षाचा, पगार आणि आरोग्य विमा ३० जूनपर्यंत. घराचं भाड्याचं ॲग्रीमेंट अजून सात महिने. बायकोला तिथे हॉस्पिटलमध्ये नोकरी लागून जेमतेम पाच महिने झालेले. नवीन कोच आपली माणसं घेऊन येतो, तसं ते रीतसरच आहे, त्यात कोणाचा दोष नाही. स्टाफमधल्या चौघांपैकी एकालाही ठेवलं नाही.

ह्यूस्टनची ती रात्र

२०२३ चं फायनल फोर ह्यूस्टनला होतं. तो गेला, यावेळी नोकरी नसलेला. लॉबीत अशी शेकडो माणसं असतात आणि त्यांच्याकडे बघून लगेच ओळखू येतं, तो म्हणाला, कारण ती खूप हसतात.

१ एप्रिलची सेमीफायनल, फ्लोरिडा अटलांटिक विरुद्ध सॅन डिएगो स्टेट. आपल्याकडे पहाटेचे पावणेचार. मी उठून लावली कारण तो स्टेडियममध्ये होता. फ्लोरिडा अटलांटिकचा कोच डस्टी मे, कॉलेजात असताना इंडियानामध्ये बॉब नाइटच्या टीमचा स्टुडंट मॅनेजर होता. भाच्यासारखाच, टॉवेलवाला. मग व्हिडिओ रूम, मग एकामागून एक कॉलेजं, लुईझियाना टेक, फ्लोरिडा, आणि २०१८ ला हेड कोच. समोर सॅन डिएगो स्टेटचा ब्रायन डचर, त्याच कॉलेजात स्टीव्ह फिशरच्या हाताखाली अठरा वर्षं असिस्टंट, त्याआधी मिशिगनमध्येही त्याच्याच हाताखाली, आणि २०१७ ला पहिल्यांदा हेड कोच झाला तेव्हा साठीला टेकलेला. फ्लोरिडा अटलांटिक सेकंड हाफमध्ये चौदा पॉइंटांनी पुढे होती. शेवटी लॅमाँट बटलरनं बझरबरोबर शॉट टाकला आणि ७२-७१, सॅन डिएगो फायनलला.

मॅच संपल्यावर त्याचा मेसेज आला, "मामा, हलत राहिलेला हरला आणि थांबलेला जिंकला, पण एका पॉइंटनं." मी त्याला लगेच फोन केला आणि आम्ही तासभर बोललो. त्याचं म्हणणं होतं की थांबायचं की हलायचं हा प्रश्नच मी चुकीचा धरून बसलो होतो. डचर अठरा वर्षं थांबला पण तो कोर्टवर होता, रिक्रूटिंग करत होता, टीम बांधण्यात त्याचा हात होता. मी दोन वर्षं थांबलो आणि हॉटेलं बुक केली. आणि मग हललो तेव्हा कोणाच्या खुर्चीला माझी खुर्ची बांधतोय ते नीट बघितलं नाही.

२०२३ चे पर्याय आणि निर्णय

जानेवारी २०२३ मध्ये एनसीएएनं नियम बदलला होता, १ जुलैपासून डिव्हिजन वनच्या प्रत्येक बास्केटबॉल टीमला कोर्टवर कोचिंगसाठी अजून दोन जण ठेवता येणार होते. मात्र कॅम्पसबाहेर रिक्रूटिंग पहिल्यासारखं तिघांनीच करायचं. त्यामुळे त्या उन्हाळ्यात अचानक शेकडो जागा तयार झाल्या. त्याच्या जुन्या मोठ्या कॉलेजच्या कोचनं स्वतः फोन केला: पाचवा कोच म्हणून ये, सत्तर हजार, कोर्टवर उभा राहशील.

दुसरीकडे उत्तरेतलं एक डिव्हिजन टू कॉलेज. चव्वेचाळीस हजार. हेड कोच त्याच भागातला, तिथे पंधरा वर्षं. पूर्णवेळ असिस्टंट एकच, म्हणजे रिक्रूटिंग, स्काउट, पोरांचा अभ्यास, बस, सगळं यानंच.

रविवारी घरच्यांचा व्हिडिओ कॉल झाला त्यात मी पण होतो. भावोजी म्हणाले, "पगार कमी आणि डिव्हिजन खालची, ही कुठली बढती?" ताई गप्प. शेवटी त्याच्या बायकोनं विचारलं की तीन वर्षांनी या दोन्हीपैकी कुठून निघताना तुला आज येत नाही ते काम येत असेल? तो म्हणाला डिव्हिजन टू. ती म्हणाली, मग मी लायसन्सचा फॉर्म भरते.

यावेळी त्यानं तीन गोष्टी केल्या ज्या आधी केल्या नव्हत्या. एडीला स्वतंत्र भेटला आणि सरळ विचारलं की तुम्ही इथे किती वर्षं राहायचं ठरवलंय. हेड कोचला विचारलं, तुमच्या डोक्यात दुसरं कॉलेज आहे का. आणि हेड कोच गेला तर ९० दिवसांचा पगार मिळेल असं लेखी घेतलं. त्याला वाटलं होतं लोक रागावतील. कोणी रागावलं नाही, एडी म्हणाला मला हे कधी कोणी विचारलंच नव्हतं.

पुढे काय झालं

डिव्हिजन टूमध्ये पुरुषांच्या टीमला दहा स्कॉलरशिपांएवढेच पैसे, पण ते तोडून वाटता येतात. एकाला सत्तर टक्के, एकाला तीस टक्के आणि वर चांगल्या मार्कांची वेगळी मदत, असं करत करत पंधरा-सोळा पोरं बसवायची. हा हिशोब तो एका मोठ्या एक्सेल शीटमध्ये ठेवतो आणि भावोजींना ते शीट दाखवल्यावर, मी खरं सांगतो, पहिल्यांदा भावोजींनी त्याच्या कामात रस घेतला. ते इंजिनिअर माणूस. आता दर एप्रिलला दोघं बसून ते शीट बघतात.

ट्रान्सफर पोर्टलमुळे (कॉलेज बदलायचंय अशा खेळाडूंची नोंद) मोठी कॉलेजं आता अनुभवी, बावीस-तेवीस वर्षांची पोरं घेतात, त्यामुळे हायस्कूलमधून निघालेली चांगली पोरं खाली उरतात, ती त्यानं शोधली. पहिल्या सीझनला सतरा विजय, दुसऱ्याला एकवीस. २०२४ ला असोसिएट हेड कोच झाला. त्याच पोर्टलनं नंतर घावही घातला: दुसऱ्या सीझननंतर दोन सगळ्यात चांगली पोरं डिव्हिजन वनला गेली, त्यातल्या एकाला तिथे मिळणारे पैसे भाच्याच्या पगारापेक्षा जास्त. त्यानं स्वतः त्या मुलाच्या नवीन कोचला फोन करून स्काउटिंग रिपोर्ट दिला, पोराला कुठून शॉट आवडतो वगैरे.

२०२५ च्या वसंतात एका कॉलेजच्या हेड कोच पदासाठी शेवटच्या दोघांत आला. नाही मिळालं, दुसऱ्याकडे हेड कोच असल्याचा अनुभव होता. आठ तासांचे बस प्रवास अजून चालूच आहेत. मुलगी झाली, दीड वर्षाची आहे, तिला जिमचा बझर वाजला की टाळ्या वाजवायच्या असतात हे कळतं.

तो कॅन्ससचा गार्ड? तेव्हा कोच बदलल्यावर खेळाडूंना पोर्टलसाठी तीस दिवसांची विंडो असायची, त्यात गेला, दुसऱ्या डिव्हिजन वन कॉलेजातून शेवटचं वर्ष खेळला आणि डिग्री घेतली. भाचा ग्रॅज्युएशनला गेला होता, स्वतःच्या खर्चानं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी चूक माझ्या मते ऑपरेशन्सची दोन वर्षं नाहीत, कारण कोविडमध्ये नोकरी असणं हीच मोठी गोष्ट होती. चूक ही की त्या दोन वर्षांत त्यानं बाहेरच्या कोचेसशी ओळखी ठेवल्या नाहीत. जो काही संपर्क होता तो सगळा आपल्या हेड कोचमार्फत. लॉबीत उभं राहायची वेळ आली तेव्हा लोकांना त्याचं नाव 'विमानवाला' म्हणून माहीत होतं. त्याचं स्वतःचं मत याहून वेगळं आहे, तो म्हणतो मी २०१८ लाच व्हिडिओ रूम सोडून डिव्हिजन थ्रीमध्ये जायला हवं होतं, तिथे खेळाच्या स्कॉलरशिप नसतात, पगार नगण्य, पण चोविसाव्या वर्षी कोर्टवर असतो आणि तेव्हा ना लग्न होतं ना भाडं. यावर आमचा वाद आहे आणि तो मिटलेला नाही.

२०२२ चा करार वाचला हे चांगलंच, पण हेड कोचच्या कागदाबरोबर एडीचं वय, त्याचा करार, कॉलेजच्या अध्यक्षाला किती वर्षं झाली हे पण बघायचं होतं. हेड कोचला काढणारा माणूस एडी असतो. आणि भाड्याचं घर घेताना नोकरी गेली तर दोन महिन्यांत सोडता येईल असं कलम मागता आलं असतं, त्या गावात मिळतं असं नंतर कळलं. सात महिन्यांचं भाडं ताई-भावोजींनी निम्मं भरलं.

आम्ही घरच्यांनी काय वेगळं करायचं? मला वाटतं आम्ही पदाचं नाव ऐकून पेढे वाटले, काम काय आहे ते विचारलं नाही. डायरेक्टर म्हणजे वर आणि डिव्हिजन टू म्हणजे खाली, असंच आम्ही धरून चाललो. तो आतून कुढत होता तेव्हा आम्ही अभिनंदन करत होतो.

आणि त्या स्वयंपाकघरातलं वाक्य. आता तो कोणाच्याही घरी गेला की कॉफी यायच्या आधी सांगतो, माझा करार या तारखेपर्यंत, हेड कोचचा या तारखेपर्यंत, त्यानंतरचं वचन मी देऊ शकत नाही, पण मी गेलो तर तुम्हाला ट्विटरच्या आधी माझा फोन येईल. हेड कोचला सुरुवातीला हे अजिबात आवडलं नव्हतं. मागच्या वर्षी एका वडलांनी ते ऐकून मुलाला दुसऱ्या कॉलेजात पाठवलं. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या एका घरी त्यानं परत तेच सांगितलं, तारखांसकट.